जुळ्यांच्या आईला नुसती चिठ्ठी नको, तज्ज्ञाची तारीख द्या

प्रति,
मा. जिल्हा शल्यचिकित्सक, मा. जिल्हा आरोग्य अधिकारी आणि मा. वैद्यकीय आरोग्य अधिकारी (महापालिका), नाशिक;
तसेच शहर-जिल्ह्यातले सर्व स्त्रीरोगतज्ज्ञ आणि सोनोग्राफी केंद्रचालक

सप्रेम नमस्कार.

मी जिल्हा परिषदेची निवृत्त आरोग्यसेविका. नोकरी पेठ, हरसूल, सुरगाणा या पट्ट्यातल्या उपकेंद्रांत झाली, आता सिडकोत राहते. हे पत्र बंद पाकिटात घालूनही देता आलं असतं. पण विषय माझ्या एकटीच्या घराचा नाही. ज्या बायकांना त्याची झळ बसते त्यांनीही तो वाचायला हवा, म्हणून उघड लिहिते आहे.

निमित्त असं झालं. गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतली एक सून सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आली. तेरावा आठवडा, जुळी. रिपोर्टात दोन्ही बाळांचे ठोके होते, लांबी होती, मानेमागच्या पाण्याचं माप होतं, बाळंतपणाची अंदाजे तारीख होती. दोघांची वार, म्हणजे बाळाला आईकडून पोषण पोचवणारी प्लॅसेंटा, एकच आहे की वेगवेगळी, हे मात्र कुठेच नव्हतं. माता-बाल संरक्षण कार्डावर अतिजोखमीचा लाल स्टिकर होता, बाजूला ‘जुळे’ असं लिहिलेलं, आणि पुढची तारीख महिन्यानंतरची. दोन वर्षांपूर्वी माझ्या लेकीच्या रिपोर्टातही नेमकी हीच ओळ नव्हती. आमच्या घरात तेव्हा दोन नाती यायच्या होत्या. आली एक. इतकं होऊनही कागद तसाच, कार्ड तसंच, तारीख तशीच, हे पाहून मला गप्प बसवेना.

जुळी आहेत कळलं की घरात सगळे विचारतात, दोघं सारखी दिसतील का. डॉक्टरांनी आणि आम्ही सिस्टर लोकांनी आधी विचारायला हवं ते वेगळंच: वार एक की दोन? दोन्ही बाळांना आपापली वार असेल तर धोका एकट्या बाळापेक्षा जास्तच असतो, पण तो बराचसा ओळखीचा असतो. बीपी वाढणं, रक्त कमी असणं, दिवस भरण्याआधी कळा येणं, बाळंत झाल्यावर जास्त रक्तस्राव होणं, या गोष्टी आम्ही उपकेंद्रातही पाहतो. जुळ्यांच्या गर्भारपणांत ढोबळमानानं पाचात एक मात्र असं असतं की दोन बाळं एकाच वारेवर वाढतात. त्या वारेच्या पृष्ठभागावर दोघांच्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असतात. बहुतेकदा रक्ताची देवघेव सम राहते आणि काही बिघडत नाही. पण अशा शंभर गर्भारपणांपैकी दहा ते पंधरांत रक्त एकाच बाजूला वाहू लागतं. देणाऱ्या बाळाचं रक्त कमी पडतं, लघवी कमी होते, त्याच्याभोवतीचं पाणी आटतं आणि ते पिशवीच्या पडद्यात आवळल्यासारखं एका कडेला चिकटून बसतं. घेणाऱ्या बाळाभोवती पाणी भरमसाट वाढतं, त्याच्या हृदयावर ताण येतो. सोनोग्राफीत एका बाजूचा पाण्याचा कप्पा 2 सेंटिमीटरपेक्षा कमी आणि दुसऱ्या बाजूचा 8 सेंटिमीटरपेक्षा जास्त दिसला की डॉक्टर सावध होतात. काहीच केलं नाही, तर पाचव्या-सहाव्या महिन्यात वाढलेल्या या आजारात बहुतेक वेळा दोन्ही बाळं जातात.

यावर उपाय आहे, आणि म्हणूनच मी हे पत्र लिहिते आहे. 16 ते 26 आठवड्यांच्या दरम्यान आईच्या पोटातून बारीक दुर्बीण आत घालून त्या जोडणाऱ्या रक्तवाहिन्या लेझरनं बंद करता येतात. हे काम गर्भातल्या बाळावर उपचार करणारे, म्हणजे फीटल मेडिसिनचे तज्ज्ञच करतात. त्यातही लेझर करणारी केंद्रं मोजकी, मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी. पण लेझरची वेळ ओळखायची तर सामायिक वार असलेल्या आईची सोनोग्राफी 16 व्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी व्हायला हवी. आणि दर पंधरा दिवसांनी करायची हे ठरवायला वार एकच आहे हे आधी माहीत हवं. ते सगळ्यात स्पष्ट दिसतं 11 ते 14 आठवड्यांत. दोन वारा असतील तर दोन पिशव्यांमधला पडदा वारेला जिथे मिळतो तिथे जाड त्रिकोणी टोक दिसतं, डॉक्टर त्याला लॅम्डा म्हणतात. वार एक असेल तर पातळ पडदा सरळ टेकतो, इंग्रजी टी अक्षरासारखा. पुढे पडदा पातळ होत जातो आणि छातीठोकपणे सांगणं अवघड होतं. म्हणजे ती एक ओळ तिसऱ्या महिन्यात लिहिली गेली नाही, तर पुढची सगळी साखळीच सुरू होत नाही.

माझ्या लेकीची पहिली सोनोग्राफी आठव्या आठवड्यात झाली, दुसरी तेराव्यात. दोन्ही एका खासगी केंद्रात. दोन्ही रिपोर्टांत ‘जुळी, दोन्ही जिवंत’ यापलीकडे वारेचा शब्द नाही. मी केंद्रात जाऊन विचारलं. काउंटरवर उत्तर मिळालं, डॉक्टरांना वेळ नाही, पुढच्या सोनोग्राफीत बघू. सरकारी रुग्णालयात नाव घातलं, तिथे सिस्टरनं प्रेमानं कार्ड भरलं, लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या, लाल स्टिकर लावला. अठराव्या आठवड्यात तिचं पोट आठवड्याभरात एकदम ताणल्यासारखं झालं, दोन जिने चढले की धाप लागे, रात्री कुशीवर वळता येईना. ओपीडीत सांगितलं तर ऐकायला मिळालं, “जुळी आहेत, त्रास होणारच.” विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत एका बाळाभोवती पाणी उरलं नव्हतं. रिपोर्टाच्या तळाशी एक ओळ होती: फीटल मेडिसिन तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

तो दिवस शुक्रवार होता, दुपार टळलेली. चिठ्ठीवर ‘उच्चस्तरीय केंद्रात संदर्भित’ असा शिक्का. कुठलं केंद्र, कोणते डॉक्टर, कोणता फोन, काही नाही. एका ठिकाणी सांगितलं, सोमवारी या. दुसरीकडे कळलं की असे तज्ज्ञ तिथे नसतात. तिसरीकडे म्हणाले, नऊ तारखेच्या कॅम्पला आणा, त्या दिवशी मोठे डॉक्टर असतात. नऊ तारीख दोन आठवड्यांहून लांब होती. शेवटी माझ्या जुन्या सहकारी सिस्टरनं ओळखीतून शहरातल्या एका खासगी तज्ज्ञांचा नंबर मिळवून दिला. त्यांनी रविवारी दवाखाना उघडून लेकीला तपासलं, कागदावर चित्र काढून आम्हाला समजावलं आणि तिथूनच मुंबईला फोन लावला. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण एका आईला वेळेत तज्ज्ञ भेटणं हे कुणाच्या ओळखीवर आणि कुणाच्या भलेपणावर अवलंबून असावं का, हे मला तुम्हालाच विचारायचं आहे.

त्या रात्री गाडी करून कसारा घाट उतरलो. जावई अंबडच्या कारखान्यात रोजंदारीवर, खाडा म्हणजे पगार नाही. लेकीच्या पाटल्या गहाण टाकल्या. लेझर झालं. दुसऱ्या दिवशीच्या सोनोग्राफीत लहान बाळाचे ठोके नव्हते, मोठ्याचे चांगले होते. तज्ज्ञ म्हणाले, आणखी आधी आला असता तर दोघांनाही वाचवायला जास्त वाव होता. वार सामायिक असताना एक बाळ दगावलं तर दुसऱ्याच्या मेंदूलाही इजा होऊ शकते. रक्तवाहिन्या बंद केल्यामुळे तो धोका पुष्कळ कमी झाला, पण आम्ही पुढचे तीन महिने त्याच भीतीत काढले. नात 33 व्या आठवड्यात झाली, बरेच दिवस काचेच्या पेटीत राहिली. आज ती घरभर धावते. तिच्या बहिणीचं नाव ठेवायचं राहूनच गेलं.

आता माझ्या तक्रारी. कुणा एका डॉक्टरवर किंवा सिस्टरवर माझा रोख नाही. ओपीडीत एका माणसाला किती केसपेपर उपसावे लागतात हे मी जन्मभर पाहिलं आहे.

पहिली तक्रार त्या न लिहिलेल्या ओळीची. प्रत्येक गर्भवतीच्या सोनोग्राफीसाठी पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या, कायद्याखाली एफ फॉर्म भरावा लागतो. त्या फॉर्मवर सोनोग्राफी कशासाठी करायची याची छापील यादी असते. तिच्यात गर्भांची संख्या आणि त्यांची कोरिऑनिसिटी पाहणं, म्हणजे वार एक की दोन हे पाहणं, हे कारण स्पष्ट छापलेलं आहे. म्हणजे कायद्याच्या फॉर्मलासुद्धा ही गोष्ट माहीत आहे. एफ फॉर्ममधला एखादा रकाना रिकामा राहिला तरी केंद्रावर कारवाई होते, मशिनला सील लागतं, आणि मुलींचे जीव वाचवायचे तर ती कडकाई हवीच. पण जुळ्यांच्या रिपोर्टात वारेची ओळ नसेल तर कुणी साधी विचारणाही करत नाही.

दुसरी तक्रार लाल स्टिकरची. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान 2016 मध्ये सुरू झालं तेव्हा मी नोकरीत होते. दर महिन्याच्या नऊ तारखेला तज्ज्ञांकडून तपासणी, त्यासाठी खासगी डॉक्टरांनीही एक दिवस द्यावा, ही कल्पना मला मनापासून आवडली होती. पाड्यावरच्या कितीतरी बायकांना पहिल्यांदा स्त्रीरोगतज्ज्ञ दिसला तो त्या दिवशी. पुढे 2022 पासून अतिजोखमीच्या मातांसाठी तीन जादा तपासण्या आणि बाळंतपणानंतर 45 दिवसांपर्यंत पाठपुरावा ठरला. चांगलंच झालं. पण हिशेब करून बघा. सामायिक वार असलेल्या आईला 16 व्या आठवड्यापासून 36 व्यापर्यंत दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी लागते, म्हणजे अकरा वेळा. महिन्यातली एक तारीख आणि वरच्या तीन भेटी यांत त्या बसत नाहीत. जुळ्यांचा लाल स्टिकर आणि रक्त कमी असल्याचा लाल स्टिकर दिसायला सारखेच, म्हणून दोघींना एकाच रांगेत उभं केलं जातं. एकीला गोळ्या आणि इंजेक्शनं पुरतात, दुसरीला पंधरा दिवसांचा उशीरही परवडत नाही.

तिसरी चिठ्ठीची. रेफर करणाऱ्याची जबाबदारी शिक्का मारला की संपते. पुढच्या ठिकाणी कुणी वाट पाहत नसतं. आई फाइल छातीशी धरून एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर फिरते आणि प्रत्येक ठिकाणी पहिल्यापासून गोष्ट सांगते. मी स्वतः या खात्यातली, माझी लेक शहरात राहणारी, जावई शिकलेला, तरी आमची ही गत झाली.

आणि म्हणून चौथी तक्रार मला सगळ्यात जास्त जाळते, ती सुरगाणा-पेठच्या बायकांची. सुरगाण्याहून नाशिक म्हणजे नव्वद किलोमीटरच्या आसपास, पाड्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत येणं वेगळंच. पेठहून यायचं तर सावळ घाट. सोनोग्राफीसाठी पूर्ण दिवस मोडतो, मागे घरी दोन वर्षांचं पोर असतं, सोबत येणाऱ्याची मजुरी बुडते. तिला पंधरा दिवसांनी परत या म्हटलं तर ती मान डोलावते आणि येत नाही, आणि यात तिचा दोष नसतो. त्यातून ऑक्टोबरच्या द्राक्षछाटणीपासून फेब्रुवारी-मार्चच्या खुड्यापर्यंत कुटुंबंच्या कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या बागांत उतरतात. कार्ड गावातल्या आशाताईच्या वहीत, बाई बागेच्या कडेच्या झोपडीत. गावाची आशाताई म्हणते ती बाहेरगावी गेली, बागेकडची म्हणते ती आमच्या यादीत नाही. एकट्या बाळाची बाई यातून कशीबशी तरून जाते. सामायिक वारेच्या जुळ्यांना ही फट फार महाग पडते. माझ्या नोकरीच्या काळात अशा काही घरांत मी सुतकाला गेले आहे. त्या बाळांना काय झालं होतं ते तेव्हा कळायला मार्गच नव्हता. ‘जुळी होती, टिकली नाहीत’ एवढंच गाव म्हणायचं.

पाचवी गोष्ट बाळंतपणाच्या वेळेची. निम्म्याहून जास्त जुळी 37 आठवड्यांच्या आत जन्माला येतात. म्हणजे दोन वॉर्मर, दोन श्वासाची यंत्रं, दोन बाळांना पुरेल इतकी माणसं एकाच छताखाली हवीत. नाहीतर एक बाळ इथे, दुसरं तिथे, आई तिसरीकडे टाक्यांच्या कळा सोसत पडलेली. 2017 च्या ऑगस्टमध्ये आपल्या जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात 55 बालकं दगावल्याची बातमी देशभर गेली होती. त्यांतली बरीच बाळं कमी दिवसांची, कमी वजनाची आणि फार उशिरा पोचलेली होती, असं तेव्हा प्रशासनानं सांगितलं. ते खरं धरलं तर त्याचा अर्थ हाच की, बाळ जन्मल्यावर पळवण्यापेक्षा आईला पोटात बाळ असतानाच योग्य ठिकाणी पोचवायला हवं. कळा 34 आठवड्यांच्या आत सुरू झाल्या तर बाळाच्या फुफ्फुसांसाठी डेक्सामेथासोनचं इंजेक्शन द्यायचं असतं. पुढे पाठवण्याआधीचा पहिला डोस आरोग्यसेविकेनंही द्यावा, असं केंद्र सरकारच्या 2014 च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. औषध स्वस्त, साठा बहुधा असतो, पण हात धजावत नाही, कारण प्रशिक्षण एकदा झालं आणि पुन्हा कुणी उजळणी घेतली नाही.

तुमच्याकडून काय उत्तर येईल याचा मला थोडाफार अंदाज आहे. पदं रिकामी आहेत, फीटल मेडिसिनचे तज्ज्ञ सरकारी पगारावर येत नाहीत, आणि जुळी असतात तरी किती. शेवटचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. शंभर बाळंतपणांत साधारण एखादं जुळ्यांचं. त्यातही सामायिक वारेची पाचात एक. पंधरा तालुक्यांच्या जिल्ह्यात ही यादी एका रजिस्टरात मावेल, एका माणसाला फोनवर सांभाळता येईल. संख्या कमी म्हणून दुर्लक्ष करणं आणि संख्या कमी म्हणून प्रत्येकीला नावानिशी ओळखणं, दोन्ही शक्य आहे. दुसरं निवडा एवढंच म्हणते.

आणि नाशिकमध्ये काहीच नाही असंही नाही. 1998 मध्ये स्थापन झालेलं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच म्हसरुळला आहे, सगळ्या महाराष्ट्राचे डॉक्टर तिथून पदव्या घेतात. 2024 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं. शहरात खासगी तज्ज्ञ आहेत, त्यातल्या एकांचं मन किती मोठं आहे ते मी अनुभवलं आहे. 2027 च्या सिंहस्थासाठी रस्ते, घाट, रुग्णवाहिका, खाटा यांच्या बैठका रोज होतात. येणाऱ्या भाविकांची काळजी घ्यायलाच हवी. त्याच बैठकीत दहा मिनिटं या गावच्या आयांनाही मिळावीत.

माझ्या मागण्या अशा.

पीसीपीएनडीटी कायद्याची अंमलबजावणी करणारे समुचित प्राधिकारी म्हणून सगळ्या नोंदणीकृत सोनोग्राफी केंद्रांना एक लेखी सूचना काढा: जुळ्यांच्या 11 ते 14 आठवड्यांच्या रिपोर्टात वार एक की दोन, पिशव्या एक की दोन, हे लिहिल्याशिवाय रिपोर्ट द्यायचा नाही. नक्की सांगता येत नसेल तर तसं लिहून त्याच आठवड्यात दुसऱ्या तज्ज्ञांकडे पाठवायचं. हीच ओळ माता-बाल संरक्षण कार्डाच्या पहिल्या पानावर उतरवायची, म्हणजे आईच्या हातात कायम राहील. याला एक पैसा खर्च नाही.

आठवड्यातला एक दिवस ठरवा. नाशिकला एक जागा, मालेगावला एक, आणि तिथे त्या दिवशी जुळ्यांच्या आयांना फीटल मेडिसिन तज्ज्ञ भेटतील अशी सोय. खासगी तज्ज्ञांना मानधन देऊन बोलवा. नऊ तारखेसाठी त्यांना हाक मारता येते, तर या दिवसासाठीही मारता येईल. कळवण, निफाड, पेठ, सुरगाण्याच्या रुग्णालयांतून सोनोग्राफीची चित्रं ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्लासेवेवरून त्या तज्ज्ञांना दाखवता आली तर प्रत्येकीला घाट उतरावा लागणार नाही. अशी काही सोय आधीच कुठे असेल तर तिची पाटी लावा आणि आशाताईंना कळवा. आम्हाला ती सापडली नाही.

सामायिक वार असलेल्या प्रत्येक आईची पंधरवड्याची सोनोग्राफी आणि जाण्यायेण्याची गाडी मोफत द्या. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम 2011 पासून आहे, त्यात तपासण्या आणि वाहतूक दोन्ही मोफत आहेत. नवा कायदा नको, आहे तो पुरेसा आहे.

लेझरसाठी मुंबई किंवा पुण्यातल्या एका केंद्राशी लेखी करार करा. खर्च कोणत्या योजनेतून जाणार ते आधी ठरवून ठेवा. लेकीच्या अंगावर हात ठेवून पाटल्या काढून घ्यायची वेळ दुसऱ्या कुठल्या आईवर येऊ नये.

रेफर करणाऱ्यानं आधी फोन करायचा, कुणाशी बोललो त्यांचं नाव आणि वेळ चिठ्ठीवर लिहायची, आणि आई तिथे पोचल्याचा निरोप येईपर्यंत ती आपलीच पेशंट समजायची. शुक्रवार दुपारपासून सोमवारपर्यंतही उचलला जाईल असा एक नंबर ठेवायचा.

आदिवासी भागात काही प्राथमिक आरोग्य केंद्रांत माहेरघर योजना आहे, बाळंतपणाआधी बाईला सोबतच्या माणसासह राहता येतं. तशीच जागा नाशिकला, नवजात कक्ष जिथे आहे त्याच्या जवळ, दूरवरच्या जुळ्यांच्या आयांसाठी शेवटच्या आठवड्यांत द्या. द्राक्षबागांत उतरलेल्या बायकांची नोंद आरसीएच, म्हणजे माता-बाल नोंदणीच्या, क्रमांकावरून दिंडोरी-निफाडच्या आशाताईंच्या यादीत त्याच आठवड्यात जायला हवी.

आरोग्यसेविका आणि आशाताईंना दरवर्षी एक दिवस फक्त जुळ्यांच्या गर्भारपणावर शिकवा. पोट एकाएकी ताणलं, धाप लागली, बाळाची हालचाल मंदावली, पाणी गेलं, पोट वेळेआधी कडक होऊ लागलं, डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्याच दिवशी आणायचं, हे आईला आणि सासूला दोघींना तोंडपाठ हवं. ‘त्रास होणारच’ हे वाक्य ओपीडीत पुन्हा कुणाच्या तोंडून येऊ नये.

शेवटची मागणी हिशेबाची. दर तीन महिन्यांनी जाहीर करा: जुळ्यांच्या किती माता नोंदल्या, किती जणींची वार 14 आठवड्यांच्या आत कळली, किती जणींना तज्ज्ञ भेटले, किती बाळं घरी गेली. नावं नकोत, आकडे द्या.

सोनोग्राफी करणाऱ्या आणि खासगी प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरांनाही विनंती. सूचनेची वाट पाहू नका. आज संध्याकाळी समोर जुळ्यांची आई आली तर पडदा वारेला कसा मिळतो ते बघा आणि लिहा. तुम्हाला ते दिसतं. माझ्या लेकीच्या वेळीही ते मशिनवर दिसत असणार.

बायांनो, तुमच्यापैकी कुणाला जुळी असतील तर 11 ते 14 आठवड्यांच्या दरम्यान सोनोग्राफी करा आणि रिपोर्ट हातात घेतल्यावर तिथेच विचारा, “वार एक की दोन?” उत्तर तोंडी घेऊ नका, कागदावर घ्या. वार एकच असेल तर पुढची तारीख पंधरा दिवसांची मागा. मागायला संकोच वाटला तर सासूला, नवऱ्याला, आशाताईला बोलायला सांगा.

या पत्राचं लेखी उत्तर तीस दिवसांत मिळावं. तोपर्यंत माझ्याकडून एक गोष्ट कळवून ठेवते. माझ्याबरोबर निवृत्त झालेल्या काही आरोग्यसेविका शहरात राहतात. जुळ्यांच्या मातांचं रजिस्टर ठेवणं, दर पंधरा दिवसांनी प्रत्येकीला फोन करणं, आली नाही तर तिच्या गावच्या आशाताईला कळवणं, हे काम आम्ही आळीपाळीनं करू. मानधन नको. एक टेबल, एक फोन आणि यादी द्या, दुसऱ्या दिवसापासून बसतो.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका
सिडको, नाशिक